ब्रेकआउट: पातळी ओलांडताच खरेदी की बंद भावाची प्रतीक्षा?

काही दिवस ते काही आठवडे सौदा धरून ठेवणाऱ्याला हा प्रश्न पडतोच: शेअरने रेझिस्टन्स (वाढता भाव जिथे वारंवार अडतो ती पातळी) ओलांडताच, म्हणजे ब्रेकआउट देताच खरेदी करावी, की दिवसाची कॅन्डल (चार्टवर त्या दिवसाचे भाव दाखवणारी आकृती) त्या पातळीच्या वर बंद होईपर्यंत थांबावे? मी दोन्ही पद्धतींनी बराच काळ सौदे केले आहेत. पुढील तुलना खरेदीच्या बाजूची आणि दिवसाच्या चार्टपुरती आहे.

थेट खरेदीचा फायदा आकड्यांतच दिसतो. पातळी २००, स्टॉपलॉस (तोटा आवरण्यासाठी आधीच ठरवलेला विक्रीचा भाव) १९४ आणि टार्गेट २२२ धरू. खरेदी २०१ ला झाली, तर दर शेअरमागे जोखीम ७ आणि अपेक्षित नफा २१ राहतो. बंद भावाची वाट पाहिली आणि शेअर २०८ वर बंद झाला, तर त्याच स्टॉपलॉसने जोखीम १४ होते आणि नफाही १४ च उरतो. पहिल्या स्थितीत चारांपैकी एक सौदा जमला तरी खर्च वगळता हिशेब बरोबरीत सुटतो; दुसऱ्या स्थितीत निम्मे सौदे जमावे लागतात. एका सौद्यात १४०० गमावण्याची तयारी असेल, तर पहिल्या स्थितीत २०० शेअर घेता येतात, दुसऱ्या स्थितीत १००. थांबण्याची किंमत खरोखरच मोजावी लागते.

मात्र या हिशेबात जे ब्रेकआउट टिकले तेवढेच आलेले आहेत. दिवसात २०३ दाखवून शेवटी १९८ वर बंद झालेला शेअर थांबणाऱ्याच्या वहीत येतच नाही, थेट खरेदी करणाऱ्याच्या वहीत मात्र येतो. आणि माझा निर्णय फिरला तो नेमका याच जागी. फसवा ब्रेकआउट आणि त्यातला तोटा मला फारसा डाचत नव्हता, कारण स्टॉपलॉस लागला की विषय संपतो. डाचत होती ती २०० आणि १९४ यांच्यामधली जागा. खरेदीचे कारण ‘भाव २०० च्या वर गेला’ एवढेच होते. भाव १९८ वर आला की ते कारण उरत नाही, पण स्टॉपलॉसही लागलेला नसतो. अशा वेळी विकावे की धरावे, याला माझ्याकडे नियम नव्हता. कधी विकून टाकले आणि त्याच दिवशी शेअर पातळीच्या बराच वर बंद झाला. कधी धरून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी तो गॅप देऊन, म्हणजे मधले भाव वगळून, थेट स्टॉपलॉसच्याही खाली उघडला. नुकसानापेक्षा जास्त थकवा यायचा तो दिवसभर स्क्रीनसमोर बसून स्वतःशीच वाद घालण्याचा, आणि पोझिशन हातात असताना त्या वादात मन नेहमी धरून ठेवण्याच्या बाजूने बोलते.

बंद भावावर निर्णय घ्यायला लागल्यापासून हा पेच दिवसातून एकदाच, तोही बाजाराच्या शेवटच्या काही मिनिटांत उभा राहतो. तेव्हा जवळजवळ संपूर्ण दिवसाचा व्हॉल्यूम (किती शेअरची उलाढाल झाली तो आकडा) समोर असतो. दुपारी मात्र तो सरासरीपेक्षा जास्त ठरेल की नाही, याचा अंदाजच बांधावा लागतो. कॅन्डलची वरची विक (भाव वर जाऊन परत आल्याची खूण असलेली बारीक रेघ) किती लांब आहे, हेही तेव्हाच कळते. डाऊ सिद्धांत (बाजाराचा कल ओळखण्याची जुनी अमेरिकन पद्धत) मानणारेही दिवसभरातले चढउतार बाजूला ठेवून बंद भावच धरतात, आणि औद्योगिक व वाहतूक कंपन्यांच्या शेअरभावांच्या या दोन्ही सरासरींनी एकमेकींना दुजोरा दिल्याशिवाय कल पक्का मानत नाहीत.

ब्रेकआउटनंतर भाव पातळीपाशी परत येण्याची म्हणजे रिटेस्टची वाट पाहण्याचा तिसरा मार्गही आहे. त्यात स्टॉपलॉस जवळ मिळतो, पण सर्वांत जोमदार शेअर बहुधा मागे वळून पाहत नाहीत, आणि माझ्या बाबतीत तरी तेच हातचे गेले.

ज्यांना पातळीखाली भाव येताच विनातक्रार बाहेर पडता येते आणि दिवसभर लक्ष ठेवणे शक्य आहे, त्यांच्यासाठी थेट खरेदी कदाचित अधिक लाभदायक ठरेल. त्यांचा लहान स्टॉपलॉस ही खरी ताकद आहे. अर्धी खरेदी पातळीवर आणि अर्धी बंद भावाला, असाही मध्यम मार्ग काही जण काढतात. मी तो करून पाहिला, पण त्या अर्ध्या भागापुरता जुना पेच कायम राहिला.

आता मी बंद भावाची वाट पाहतो, पण एक मर्यादा घालून. पातळीपासून स्टॉपलॉसपर्यंतचे जे अंतर असते, त्याच्या दीडपटीहून अधिक जोखीम बंद भावाला होत असेल, तर सौदा सोडून देतो. वरच्या उदाहरणात ही मर्यादा ९ येते, म्हणजे २०३ पर्यंत बंद झाल्यास खरेदी, आणि २०८ वर बंद झाल्यास शेअर फक्त यादीत ठेवायचा.