हवेलीतलं भूत चालेल, पण कापूस खरा ठेवा

माझ्या अडुसष्टाव्या वाढदिवसाला मुलानं मला कोंडून घ्यायचं तिकीट काढलं. माणशी साडेसहाशे रुपये मोजायचे, मग ते लोक आपल्याला एका खोलीत घालून दार लावतात, आणि ७५ मिनिटांत कोडी सोडवत आपण बाहेर पडायचं. एस्केप रूम म्हणतात त्याला. मी म्हटलं, "अरे, चौतीस वर्षं कापसाचा ग्रेडर होतो, मालाची प्रत ठरवायचो. हंगामात बंड्यांची रांग लागली की शेतकरी मला जेवायलाही उठू देत नव्हते. तेव्हा फुकटात कोंडत होते." पण नात ऐकेना. वय वर्षं दहा. तिच्यापुढं माझं काही चालत नाही.

जागेचं नाव लिहीत नाही. चालवणारी पोरं नवीन आहेत, आणि मी पुढं बरंच बोलणार आहे. पश्चिम नागपुरात आहे एवढं पुरे. आम्ही महालातून सीताबर्डीपर्यंत ऑटोनं आणि पुढं मेट्रोनं गेलो, ते बरं केलं. गाडी लावायला खाली जागा नाही. एसी चांगला, संडास स्वच्छ. मोबाइल बाहेर ठेवून घेतात. काळ्या टी-शर्टातलं एक पोट्टं आपल्याला गोष्ट सांगतं आणि मग काचेमागं बसून कॅमेऱ्यातून बघतं, अडलो की स्पीकरवरून बोलतं. त्याला गेम मास्टर म्हणायचं.

गोष्ट अशी. साल १८६७, अमेरिकेचा दक्षिण भाग, मिसिसिपी नदीच्या काठचं नॅचेझ गाव. कापसाच्या जोरावर बांधलेली पांढऱ्या खांबांची हवेली. युद्ध हरलेलं, पैसा गेलेला, आणि मालक एका सकाळी जिन्याखाली मरून पडलेला. नोकर म्हणतात, मालकाची गेलेली बायको रात्री फिरते, रिकाम्या खोल्यांतून घंट्या वाजतात. मग शिकागोहून गुप्तहेर येतात, ते आपण. मला बुजुर्ग गुप्तहेराचं कार्ड मिळालं, सूनबाईला बाई-गुप्तहेराचं. ती म्हणाली, "बाबा, त्या काळात बाई गुप्तहेर? काहीही!" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचलं तर खरंच निघालं: पिंकर्टनच्या गुप्तहेर एजन्सीनं १८५६ सालीच केट वॉर्न नावाच्या बाईला कामावर घेतलं होतं. दक्षिणेतल्या एका चोरीच्या तपासात ती संशयिताच्या बायकोची मैत्रीण बनून राहिली आणि तिच्याकडून सगळं काढून घेतलं. हे त्या पोट्ट्यानं आधी सांगितलं असतं तर सूनबाई पहिल्या मिनिटापासून रंगात आली असती.

१८६७ ऐकून माझे मात्र कान टवकारले. त्याच वर्षी आपल्या नागपूरला आगगाडी आली, आणि ती काही आपल्या सोयीसाठी आली नव्हती. तिकडं १८६१ ते ६५ उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चाललं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडगिरण्या उपाशी पडल्या; तेव्हा गोऱ्या व्यापाऱ्यांना हिंगणघाट, अमरावती, खामगाव आठवलं. एकाच पिकानं तिकडच्या मालकाचं दिवाळं काढलं आणि इकडच्या दलालाची दिवाळी केली. म्हणजे जिन्याखाली पडलेला हा मेलेला माणूस एका अर्थानं आपल्याच बाजारातला. हे मी नातीला समजावून सांगत होतो तर वरून आवाज आला, "काका, टाइम सुरू झालाय तुमचा."

पहिला भाग हवेलीचा ओटा. झाडावरून काथ्याच्या करड्या जटा लोंबत होत्या; खरी वनस्पती अननसाच्या कुळातली असते, पण काथ्या छान जमलाय. छत फिकट निळं. कार्डावर खुलासा होता, आणि तो बरोबर आहे: कॅरोलायना-जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या गुला-गीची लोकांची, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांची, समजूत अशी की भुताला तो निळा रंग पाण्यासारखा वाटतो आणि पाणी त्याला ओलांडता येत नाही. आपण दारावर लिंबू-मिरची टांगतो, ते छत रंगवतात. किल्ली त्या जटांतच होती, नातीनं दोन मिनिटांत काढली.

दुसरा भाग जेवणाचं दालन, आणि इथं त्या पोरांना मी मनापासून दाद देतो. टेबलाच्या वर छताला एक लाकडी पाट टांगलेला, मोठ्या दरवाज्याच्या फळीएवढा, कोरीवकाम केलेला. त्याला दोरी. दोरी चाकावरून कोपऱ्यात गेलेली. ओढली की पाट झुलतो, टेबलावरच्या मेणबत्त्यांच्या ज्योती एका बाजूला कलतात आणि मागच्या भिंतीवर सावल्यांतून आकडे दिसतात. मेणबत्त्या बॅटरीच्या आहेत, ज्योती कागदी आहेत, हे कळूनही अंगावर काटा आला. हा पाट म्हणजे आपला पंखा! नॅचेझच्या श्रीमंत घरांतून तो खरोखर होता आणि इंग्रजीत त्याला नावही आपलंच, पंका. आमचे आजोबा वर्ध्याच्या कोर्टात कारकून होते. ते सांगायचे, बाहेर व्हरांड्यात पंखेवाला पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून झोपत झोपत ओढायचा आणि थांबला की आतून शिपाई ओरडायचा.

इथं दोरीच्या टोकाला कोपऱ्यात एक बुटकं स्टूल ठेवलंय. मी बसून बघितलं, गुडघे छातीला लागले. मुलगा बसलाच नाही. नात बसली तेव्हा दोरी बरोबर तिच्या हातात आली. सगळं तिच्या मापाचं. ती ओढत राहिली आणि आम्ही तिघं टेबलाशी उभे राहून आकडे लिहून घेत राहिलो. तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

तिसरा भाग कापसाचं ऑफिस. माझं घर म्हणा ना! वजनकाटा, नमुन्याचे खण, आणि मधोमध गोणपाटात आवळलेली, लोखंडी पट्ट्या मारलेली गाठ. एका कोपऱ्यातून रुई बाहेर आलेली. चौतीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला. चिमूटभर रुई काढायची, दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरून फाडायची, एकावर एक ठेवायची, पुन्हा फाडायची. पाच-सहा वेळा केलं की तंतू सरळ होतात, मग बाहीवर टेकवून लांबी बघायची. बाही काळी असली तर उत्तम. चांगला माल २९-३० मिलिमीटरचा, हलका असला तर पंचविसाच्या खाली, आणि ओढताना कानाशी धरला तर बारीक तटतट ऐकू येते. हे ओढलं तर तुटेचना. चमकायला लागलं. सगळे तंतू एकाच लांबीचे, कारखान्यातून कापून आल्यासारखे. ना पाचोळ्याचं कण, ना सरकीचा वास.

उशीत भरतात ते पॉलिस्टर!

मी जरा मोठ्यानंच म्हणालो असेन, कारण स्पीकरवरून लगेच आलं, "काका, गाठ फोडू नका प्लीज." अहो, नागपुरात बसून पॉलिस्टर? कापूस संशोधनाची केंद्र सरकारची संस्था या गावात. जमशेटजी टाटांनी १८७७ च्या पहिल्या तारखेला एम्प्रेस मिल सुरू केली ती या गावात, कापूस दारात आहे म्हणून. तासभर कोणत्याही दिशेला गाडी चालवा, सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकावर फुकट मूठभर रुई मिळेल. भूत खोटं असलेलं चालतं, त्याचे पैसे आपण देतोच. रुई खोटी कशाला?

आणि मग माझी फजिती झाली, तीही लिहितो. पेटीच्या कुलपाला तीन आकडे हवे होते आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं, "गाठीचं वजन". मी छाती फुगवून म्हटलं, बाजूला व्हा. १७० लावलं, आपली गाठ १७० किलोची. उघडेना. मग म्हटलं, अरे, अमेरिका! त्यांची ४८० पौंडांची. ४८० लावलं. उघडेना. मग मी पौंडांचे किलो केले, गोणपाटाचं वजन वजा केलं, पट्ट्यांचं केलं. मुलगा घड्याळ बघून राहिला, सूनबाई गप्प. अकरा मिनिटं गेली. नातीनं गाठीच्या मागं जाऊन बघितलं तर तिथं पुसट शाईत ४१२ छापलेलं. ग्रेडर कोण आणि काय!

डायरीबद्दल तक्रार आहेच. मालक लिहितो की बोंडभुंग्यानं पीक खाल्लं म्हणून कर्ज झालं. हा भुंगा मेक्सिकोतून टेक्सासात शिरला १८९२ साली. १८६७ च्या डायरीत तो पंचवीस वर्षं आधीच येऊन बसलाय. नुसती अळी लिहिली असती तर काम झालं असतं. त्या सालांत तिकडं अळी पडलीच होती, आणि अळीनं कर्ज होतं हे विदर्भात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता जे सांगायचंय ते. त्याच ऑफिसात दाराजवळ एक फ्रेम आहे. पिवळा कागद, रकाने पाडलेले. नातीला वाटलं, क्लू आहे, म्हणून ती मोठ्यानं वाचायला लागली. वर हवेलीच्या मालकाचं नाव, पूर्ण, वळणदार अक्षरात. खाली ओळीनं आकडे: ३५, एम. २८, एफ. १०, एफ. शेजारी रंगाच्या रकान्यात बी, बी, बी. १८६० च्या शिरगणतीची ही गुलामांची यादी. तिकडं १८५० आणि १८६० ला असंच केलं होतं, मालकाचं नाव लिहायचं आणि गुलामांचं नुसतं वय, लिंग, रंग. मी ते तिला सांगितलं.

"आबा, दहा, एफ... हिचं नाव कुठंय?"

"लिहिलं नाही."

ती जरा वेळ बघत राहिली. "मग ती दोरी हीच ओढायची का?"

स्पीकर म्हणाला, "गाइज, तो क्लू नाहीये, फक्त डेकोर आहे. सत्तावीस मिनिटं राहिली, पुढं चला."

आम्ही पुढं गेलो. शेवटच्या भागात घंट्या आहेत, स्प्रिंगवर टांगलेल्या, प्रत्येक खोलीची वेगळी. त्या आपोआप वाजतात तेव्हा सूनबाईनं माझा दंड घट्ट पकडला, म्हणजे काम चोख आहे. पांढऱ्या कपड्यांतली बाईही येते. बरी आहे. खुनी कोण ते सांगत नाही, तुमचे साडेसहाशे वाया जातील. बोटांच्या ठशांवरून सापडतो एवढं सांगतो, आणि हेही सांगतो की ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात निघालं, तेव्हा शिकागोचे हे गुप्तहेर फारच पुढचे म्हणायचे. आम्ही चार मिनिटं राखून सुटलो. माझी अकरा धरली तर पंधरा.

बाहेर आल्यावर टोपी-कोट घालून फोटो काढतात. मग अभिप्राय विचारतात. मी त्या पोट्ट्याला म्हटलं, "बेटा, गोष्टीत मालकिणीचं भूत फिरते. ज्यांनी तो कापूस वेचला ते कुठं आहेत?" तो म्हणाला, "काका, ते सेन्सिटिव्ह होऊन जाते ना." म्हटलं, भिंतीवर तर लावलंच आहे तुम्ही. पेटीचा आकडा गाठीवरून काढू नका, त्या कागदावरून काढा. लोकांना त्या ओळी वाचाव्या लागू द्या. स्टूल तुम्ही इतकं बरोबर ठेवलंय, दोरीची उंची मोजून ठेवलीय, मग ते कोणाचं ते का लपवता? त्यानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय ते दिसलं नाही.

गुण विचाराल तर पाचपैकी साडेतीन. पंख्याच्या दालनाला एकट्याला पाच. आठ वर्षांखालचं लेकरू नेऊ नका, अंधार खरा अंधार आहे. गुडघे दुखत असतील तर आधीच सांगा. तिसऱ्या भागात वाकून शिरावं लागतं, पण बाजूनं दार आहे आणि ते उघडून देतात, कुरकुर करत नाहीत. शनिवार-रविवारी दर वाढतो. ऑनलाइन पैसे भरले तर पावती मागून घ्या, आमची आली नाही.

पुढच्या आठवड्यात हिंगणघाटला मावसभावाकडं गेलो होतो, तिथल्या जिनिंगमधून पाव किलो रुई पिशवीत भरून आणली आणि त्या पोरांना नेऊन दिली. काळ्या टी-शर्टवाल्याला उभ्या उभ्या ओढायला शिकवलं. फाड, जोड, फाड. पहिल्यांदा त्यानं नुसता गुंता केला. चौथ्यांदा तंतू सरळ निघाले, टी-शर्टवर स्वच्छ दिसले. म्हणाला, "अठ्ठावीस?" म्हटलं, एकोणतीस, पण नोकरी पक्की समज.

परवा शेजारची मुलं जाऊन आली. गाठीत अजून पॉलिस्टरच आहे म्हणतात. पिशवी काउंटरवर ठेवलीय, आणि ते पोट्टं आत सोडायच्या आधी प्रत्येकाला चिमूटभर ओढायला देते.