राहतं घर हयातीत मुलांच्या नावावर करावं, की मृत्युपत्रात लिहावं?

"दोनशे रुपयांत होतंय, बक्षीसपत्र करून मोकळे व्हा." महाराष्ट्रात म्हातारपणीच्या घराचा विषय निघाला की हा सल्ला हमखास मिळतो. बक्षीसपत्र म्हणजे हयातीतच, मोबदला न घेता मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करून देणारा कागद. आकडा खरा आहे. राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली, तर राज्याच्या मुद्रांक कायद्याप्रमाणे शुल्क २०० रुपये आहे. हद्दीनुसार लागणारा अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. भाऊ, बहीण किंवा आईवडिलांना द्यायचं तर तीन टक्के. दुकानाच्या गाळ्याला ही २०० रुपयांची सवलत नाही आणि पुतण्या-भाच्यांना देताना तर विक्रीच्या दरानेच शुल्क भरावं लागतं.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क मुळीच नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने लिहिलेलंही चालतं. म्हणजे खर्चाच्या मुद्द्यावर दोन्ही कागद स्वस्तच आहेत आणि या एका मुद्द्यावर निर्णय घेण्यासारखं काही नाही. खरा फरक सहीनंतर तुमच्या हातात काय उरतं, यात आहे.

समजा, डोंबिवलीत दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. वडील ७४ वर्षांचे, आई ७०, फ्लॅट वडिलांच्या एकट्याच्या नावावर आणि त्यांच्याच पगारातून घेतलेला. मुलगा-सून सोबत राहतात, मुलगी नागपूरला असते. पुढचं सगळं या घराला धरून लिहितो आहे. वडिलोपार्जित मालमत्ता असेल तर हिशेब बदलतो, कारण तिथे वडील फक्त आपल्या हिश्शाविषयीच लिहू शकतात. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर दोघांनी आपापलं मृत्युपत्र वेगळं करावं.

मालकी कधी जाते?

मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत नुसता कागद असतो. वडील ते फाडू शकतात, बदलू शकतात, उद्या फ्लॅट विकून तळेगावला राहायला जाऊ शकतात. शेवटचं मृत्युपत्र तेवढं खरं.

बक्षीसपत्र मात्र दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात फोटो, अंगठा झाला की त्याच दिवशी मालक बदलतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ नुसार स्थावराचं बक्षीसपत्र नोंदवावंच लागतं, दोन साक्षीदार लागतात आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारावं लागतं. एकदा झालं की 'आता मन बदललं' म्हणून ते मागे घेता येत नाही.

सल्ला देणारे ज्या गोष्टीचा उच्चारही करत नाहीत, ती इथे सांगतो. बक्षीसपत्रानंतर मुलगाच आधी गेला, तर? हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे मुलाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत त्याची बायको, मुलं आणि आई येतात. वडील येत नाहीत. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर हप्ते फेडले, त्यांचाच त्या फ्लॅटमध्ये कायद्याने वाटा उरत नाही. मुलाच्या धंद्याचं कर्ज थकलं तर बँकेची जप्ती त्याच्या नावावरच्या या घरावर येऊ शकते. घटस्फोटाचा दावा लागला तर त्यातही हे घर ओढलं जातं. यात कुणी वाईट वागायची गरजसुद्धा नाही. मुलगा लाख गुणी असला तरी त्याच्या आयुष्यातली प्रत्येक पडझड आता आईवडिलांच्या छपरापर्यंत पोचते.

आपल्या जुन्या माणसांनी म्हणून ठेवलंय, 'समोरचं ताट द्यावं, पण बसायचा पाट देऊ नये.' राहत्या घराच्या बाबतीत माझं मतही तेच आहे आणि ते मी आत्ताच सांगून टाकतो: घर एकच असेल आणि ते तुमचं असेल, तर मृत्युपत्र करा. बक्षीसपत्र हा अपवाद असावा.

मग बक्षीसपत्र कुणी करावं?

अपवाद खरे असतात. मुलीला घर द्यायचंय आणि मागे राहिलेले भाऊ मृत्युपत्राला आव्हान देतील अशी धास्ती आहे, तर हयातीतलं नोंदणीकृत बक्षीसपत्र जास्त भक्कम ठरतं. वडील स्वतः उभे राहून सांगू शकतात, हे मी केलंय. दुसरं घर असेल आणि मुलाला आत्ताच जागेची गरज असेल, तर जरूर द्यावं. मुलगा-सून घरावर स्वतःचे पैसे घालून दुरुस्ती करणार असतील, त्यांना कर्ज हवं असेल, तर त्यांनाही नाव लागण्याची खात्री हवी असते, आणि ती मागणी रास्त आहे.

पण अशा वेळी बिनअटीचं बक्षीसपत्र करू नका. टायपिस्टकडचा नेहमीचा मसुदा "प्रेम व जिव्हाळ्यापोटी, कोणताही मोबदला न घेता" असं म्हणून संपतो. त्यात दोन वाक्यं घालायला सांगा. साधारण अशी:

"लिहून देणार व त्यांच्या पत्नी यांना सदर सदनिकेत त्यांच्या हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राखून ठेवला आहे. लिहून घेणार यांनी लिहून देणार व त्यांच्या पत्नी यांचे अन्न, औषधोपचार व दैनंदिन देखभाल करावी या अटीवर हे बक्षीसपत्र करून दिले आहे."

पहिलं वाक्य चालतं का, अशी शंका काही जण काढतात. चालतं. देणाऱ्याने हयातीपर्यंत ताबा आणि उपभोग स्वतःकडे ठेवून बक्षीस देता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. दुसऱ्या वाक्याचं मोल तर फार मोठं आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या देखभाल आणि कल्याणाच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन मुलांनी देखभाल केली नाही, तर प्रांत कार्यालयातलं न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकतं. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की हस्तांतरण अशा अटीवर झालं होतं, हे सिद्ध व्हायला हवं. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने कायद्याचा उदार अर्थ लावला आणि ताबा परत देण्याचा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकतं असं सांगितलं. पण त्याही प्रकरणात देखभालीचं लेखी वचन कागदोपत्री होतं. तोंडी विश्वासावर विसंबून नंतर प्रांत कार्यालयात हेलपाटे घालण्यापेक्षा ते एक वाक्य आधी लिहिलेलं शंभर पटींनी बरं.

तरीही दोन्ही वाक्यं घातली म्हणजे बक्षीसपत्र मृत्युपत्राइतकं सुरक्षित झालं, असं समजू नका. मोडलेली अट सिद्ध करायला म्हाताऱ्या माणसाला पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करावा लागतो. बरेच आईवडील तो करतच नाहीत.

मृत्युपत्राची कच्ची बाजू

ती आहे आणि झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मृत्युपत्र सिद्ध करायची वेळ येते तेव्हा लिहिणारा हयात नसतो. म्हणून सगळी ताकद साक्षीदारांत असते. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ प्रमाणे किमान दोन साक्षीदार हवेत आणि वाद झाला तर त्यातला एक तरी कोर्टात उभा राहावा लागतो. वडिलांच्या वयाचे दोन मित्र साक्षीला घेणं ही सर्रास होणारी चूक. साक्षीदार तुमच्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान असावेत, सापडण्यासारखे असावेत आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांच्यापैकी कुणी नसावं. एक साक्षीदार नेहमीचे डॉक्टर असतील तर उत्तम. त्याच तारखेचा, 'पूर्ण शुद्धीत व समजून सही केली' असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडा.

नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात. मजकूर गुप्त ठेवायचा असेल तर सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याचीही सोय आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते.

मुंबईकरांना प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाकडून दाखला घेण्याची, धास्ती असते. ती जी सक्ती होती, ती संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये कायद्यातलं कलम २१३ वगळून काढून टाकली. वाद असेल तर मात्र मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करावं लागतंच.

डोंबिवलीच्या कुटुंबात मी मृत्युपत्र असं लिहायला सांगेन: आधी आईला तिच्या हयातीपर्यंत राहण्याचा हक्क, त्यानंतर घर मुलाला, आणि मुलीला बँकेतल्या ठेवी. कुणाला कमी दिलं असेल तर कारण स्पष्ट लिहा. "मुलीला लग्नात दिलं" हे कारण लिहिण्याआधी मात्र स्वतःला विचारा, तिने वाटा मागितला तर तो चुकीचा ठरेल का? कायद्याने मुलीचा वारसाहक्क मुलाइतकाच आहे आणि वडिलांच्या दहाव्यानंतर तिच्यासमोर हक्कसोडपत्र सरकवण्याची आपल्याकडची रीत मला अजिबात पटत नाही.

'नॉमिनी लावलाय, आता काय काळजी?'

नॉमिनी हा तिसरा पर्याय नाही. सोसायटीत, बँकेत, म्युच्युअल फंडात नाव लावलेला माणूस मालमत्ता ताब्यात घेतो, मालक होत नाही. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच निक्षून सांगितलं. गृहनिर्माण सोसायटीतही वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरतं सदस्यत्व मिळतं. तरी नॉमिनेशन करायचंच, पैसे अडकत नाहीत. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसकट. मृत्युपत्रात आणि नॉमिनेशनमध्ये नावं जुळवून घ्या, म्हणजे भांडणाचं एक निमित्त कमी होईल.

मरणाआधीची वर्षं

वरचे सगळे कागद मृत्यूनंतरचे किंवा मालकीचे. घरोघरी खरी तारांबळ उडते ती त्याआधी: पक्षाघात, स्मृतिभ्रंश, अतिदक्षता विभाग. इथे कुलमुखत्यारपत्रावर भरवसा ठेवणारे फसतात. परदेशातल्या मुलाने "बाबा, मला पॉवर ऑफ अॅटर्नी देऊन ठेवा, पुढे उपयोगी पडेल" म्हणणं स्वाभाविक आहे, पण भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणे देणाऱ्याची बुद्धी चळली की ते अधिकार संपतात. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद निकामी होतो. वडील शुद्धीत असून नुसते चालू शकत नाहीत, तोवर तो उत्तम. नंतर घर विकायचं किंवा ठेव मोडायची तर कुटुंबाला उच्च न्यायालयात पालक नेमण्यासाठी अर्ज करावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने कोमातल्या आणि स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांसाठी जवळच्या नातेवाइकांना असं नेमलेलं आहे. पण ते दिवस वकील, वैद्यकीय तपासणी आणि तारखांत जातात.

त्यामानाने संयुक्त खातं हा साधा उपाय फार कामाचा. पेन्शन जमा होतं त्या खात्यात आईचं नाव 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीने असेल, तर औषधांचे पैसे अडत नाहीत. डॉक्टरांच्या तोंडून विसरभोळेपणाचा पहिला उल्लेख येताच मृत्युपत्र त्या महिन्यातच करून घ्यावं. पुढे ढकललेला प्रत्येक महिना विरोधकाच्या हातात मुद्दा देतो.

उपचारांबाबतचं इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल, हा कागद मालमत्तेपासून पूर्ण वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेत, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावं लागत नाही. बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटर लावायचा की नाही, आणि तेव्हा माझ्या वतीने कुणी बोलायचं, हे त्यात लिहिता येतं. ज्यांची मुलं अतिदक्षता विभागाबाहेर उभी राहून 'आता काय करायचं' म्हणून एकमेकांकडे बघतात, त्यांच्यासाठी हा कागद मालमत्तेच्या कागदाइतकाच मोलाचा आहे.

गोव्यात असाल तर

वरचा बराच हिशेब गोव्यात लागू पडत नाही. तिथल्या वारसा कायद्याप्रमाणे मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी निम्मी मालमत्ता राखीव असते, मृत्युपत्राने देता येते ती उरलेली निम्मीच. शिवाय वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. महाराष्ट्रातला मसुदा पणजीला नेऊन उपयोग नाही. मुस्लिम कुटुंबांतही साधारणपणे एक तृतीयांशाहून जास्त मृत्युपत्राने देता येत नाही आणि वारसाला द्यायचं तर इतर वारसांची संमती लागते. दोन्हीकडे त्या कायद्यात काम करणारा वकील गाठा.

वकिलाकडे जाताना फ्लॅटचा करारनामा, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती, ठेवींची यादी आणि आधार कार्ड सोबत ठेवा. शेत असेल तर सातबारा आणि आठ अ, आणि जमीन भोगवटादार वर्ग २ ची (सरकारच्या अटी असलेली) असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, कारण तिच्या हस्तांतरणाला परवानगी लागते. शक्यतो वकिलाशी पहिलं बोलणं आईवडिलांनी एकट्याने करावं, मुलांनी बाहेर बसावं. पुढे कुणी 'मुलाने दबाव टाकून लिहून घेतलं' म्हणालं, तर वकिलाला त्याचं खरं उत्तर देता येतं.