स्वयम-एनपीटीईएल: शिकणं फुकट, क्रेडिटला हजार रुपये आणि थोडी धावपळ

'स्वयम' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरचे आयआयटीवाल्यांचे एनपीटीईएल कोर्स पैशांच्या मानाने उत्तमच आहेत. व्हिडिओ, नोट्स, आठवड्याची असाइनमेंट, सगळं मोफत. पैसे फक्त परीक्षेला: एका कोर्सचे 1000 रुपये, एससी, एसटी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मे. 12 आठवड्यांच्या कोर्सला साधारण 3 क्रेडिट (पदवीसाठी धरले जाणारे श्रेयांक), 8 आठवड्यांच्या कोर्सला 2.

पण प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे क्रेडिट जमा झालं, असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेता येतात. मात्र ते क्रेडिट देतं तुमचं कॉलेज किंवा विद्यापीठ. म्हणून नावनोंदणीआधी कोर्सची आठवडावार रूपरेषा छापून विभागप्रमुखांकडे न्या आणि हा कोर्स कुठल्या पेपरच्या जागी धरणार, ते लेखी घ्या. तोंडी 'होईल रे' वर विसंबू नका. निकालानंतर समकक्षतेवरून वाद निघाला तर हाती काहीच नसतं.

गुणांची विभागणी 25 असाइनमेंटला, 75 परीक्षेला. 12 आठवड्यांच्या कोर्समध्ये उत्तम 8 असाइनमेंटची सरासरी धरतात. पास व्हायला दोन्हीकडे वेगवेगळे गुण लागतात: 25 पैकी 10 आणि 75 पैकी 30. परीक्षेत 80 टक्के मिळाले, पण असाइनमेंटची सरासरी 35 टक्के असली तर 25 पैकी पावणेनऊच भरतात, आणि प्रमाणपत्र गेलं. हुशार मुलं नेमकी इथेच अडकतात, कारण पहिले दोन-तीन आठवडे ती 'मग बघू' म्हणत काढतात. मुदतीनंतर असाइनमेंट घेत नाहीत.

जुलैच्या सत्रात तर मध्येच चवथ (गणेशचतुर्थी) येते. गावी गेलात तरी मुदत काही थांबत नाही. गोव्यात सत्तरी-सांगेकडे पावसात वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे, त्यामुळे असाइनमेंट शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. व्हिडिओ आधीच उतरवून घ्या.

कोर्सची नोंदणी आणि परीक्षेची नोंदणी वेगळी असते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. परीक्षा केंद्रावर जाऊन संगणकावर द्यायची असते. शहराचा पर्याय फॉर्ममध्येच निवडावा लागतो, म्हणून लवकर भरा. नाव आधारवर आणि क्रेडिट बँकेच्या (विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणारी सरकारी ऑनलाइन सोय) खात्यात जसं आहे तसंच लिहा. आपल्याकडे 'नाईक' रोमनमध्ये दोन तऱ्हांनी लिहितात, आणि अक्षरं जुळली नाहीत तर क्रेडिट जोडताना घोळ होतो.

शिकवण्याचा दर्जा कोर्सागणिक बदलतो. काही प्राध्यापक फळ्यावर सावकाश समजावतात, काही नुसत्या स्लाइड वाचतात. पहिल्या आठवड्याचे व्हिडिओ बघूनच ठरवा. इंग्रजी जड जात असेल तर निवडक कोर्सची मराठी लिखित भाषांतरं आहेत, पण परीक्षा इंग्रजीतच.

नुसता गोवा विद्यापीठाचा अभ्यासक्रम उजळायचा असेल, तर राज्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाचं 'दिष्टावो' जास्त सोयीचं: इथल्याच कॉलेजांच्या शिक्षकांनी तयार केलेले व्हिडिओ यूट्यूबवर मोफत. त्याला क्रेडिट नाही, पण सत्रपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात क्रेडिटची आठवण कोणाला होते म्हणा!