नाकाचं ऑपरेशन झालं, गुण किती आला? ‘नोज’ की ‘स्नॉट-२२’

‘नोज’ आणि ‘स्नॉट-२२’ हे रुग्णाचा त्रास गुणांत मोजायचे प्रश्नतक्ते. नाकाचा पडदा वाकडा म्हणून ऑपरेशन झालं असेल तर ‘नोज’ पुरे. पाचच प्रश्न, प्रत्येकी ० ते ४. बेरजेला ५ ने गुणायचं. १०० पैकी जितके जास्त, तितका त्रास जास्त (शाळेच्या उलट!). निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या मावशींनाही तोंडी विचारता येतं: नाक चोंदतं का, झोप लागते का, श्रमाचं काम करताना नाकातून हवा पुरते का?

‘स्नॉट-२२’ म्हणजे २२ प्रश्नांची लांबण, कमाल ११० गुण. पण जुन्या सायनसला तोच हवा. वास, शिंका, कानदुखी, चिडचिड ‘नोज’ विचारतच नाही. ‘स्नॉट-२२’चे साधारण ९ गुण उतरले की फरक पडला असं धरतात.

कुठलाही घ्या, ऑपरेशनआधी भरून घ्याच. आणि खानापूरच्या आजोबांपुढे इंग्रजी कागद ठेवला, तर खुणा नातू करतो, तेही अंदाजाने.