लॅबची वीज रात्री कोण खातंय ते कळलं, तरी साडेतीन स्टारच

आमची बेळगावच्या उद्यमबागेतली पाणी आणि फूड टेस्टिंगची लॅब. बारकीच हाय, पण वीज कंपनी हेस्कॉमचं बिल बघून कुणालाबी वाटावं आत फौंड्री चाललीय. म्हणून एका एनर्जी मॉनिटरिंगवाल्याकडनं दोन महिन्याचं पॅकेज घेतलं, नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारबी हाय.

काम असं की पॅनलमधल्या एकेका वायरीभोवती सीटीची, म्हणजे करंट मोजायची, क्लिप अडकवायची, डबी वायफायला जोडायची, मग कुठली मशीन किती ओढतेय ते मोबाईलवर. वायर कुठं तोडली नाही, अर्ध्या दिवसात आटपलं.

पहिल्याच रविवारी घरात चहा पीत ॲप उघडलं तर लॅबला कुलूप आणि दीड किलोवॅट चालूच! फ्यूम हूडचा, म्हणजे ॲसिडचा धूर बाहेर ओढणाऱ्या काचेच्या कपाटाचा, एक्झॉस्ट फॅन. रोज रात्रीचे 14 तास धरले तरी 21 युनिट गेले की वाऱ्यावर. आमच्या अटेंडंट मामांना विचारलं तर म्हणाले, "बंद केलं की वास येतोय की ओ सर." वास कशाचा, तर हूडच्या आत ॲसिडच्या बाटल्या कपाटासारख्या रचलेल्या, आणि रचल्या कुणी, आम्हीच. दिवसा तोच फॅन एसीची गार हवा बाहेर फेकतोय ते वेगळंच. आता बाटल्यांना बारक्या फॅनचं वेगळं कपाट केलंय, जाताना हूड रिकामा, काच खाली, फॅन बंद.

मला सगळ्यात आवडलं ते बीओडी इन्क्युबेटरचं, म्हणजे पाण्याचे नमुने एकाच तापमानाला ठेवणाऱ्या फ्रीजसारख्या कपाटाचं. कॉम्प्रेसर चालू-बंद होत असला की ग्राफला करवतीसारखे दात दिसतात, आमचा मात्र सपाट, म्हणजे बाबा दिवसभर टेकतच नाही. शेजारी काय तर मफल फर्नेस, म्हणजे भट्टी, गुळाची राख करायला 550 डिग्रीवर, आणि दोघांना एका खोलीत बसवणारा शहाणा मीच. इन्क्युबेटर मागच्या खोलीत हलवला, दुसऱ्या दिवशी ग्राफला दात आले. लेकराला दात आल्यागत स्क्रीनशॉट घरभर दाखवत फिरलो.

सकाळी 10 ला ओव्हन, फर्नेस, ऑटोक्लेव, डिस्टिलेशन सगळं एकदम लावायची सवय पण मोडली, बिलातली मॅक्सिमम डिमांड, म्हणजे एका वेळची सगळ्यात जास्त ओढ, त्यानंच चढत होती.

आता तक्रार. पावसात दोन दिवस नेट गेलं तर तेवढा डेटा गायब, डबीत साठवायची सोयच नाही. रिपोर्ट 40 पानी, सगळा इंग्लिशमध्ये, मामांना दाखवून काय उपयोग. आणि शेवटी व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करायचं यंत्र, गळ्यात मारायला बघितलं. म्हणे फॅनचा वेग 20 टक्के कमी केला की पॉवर जवळजवळ निम्मी होते. हिशोब खरा हाय, पण हूडच्या तोंडाशी हवा साधारण अर्धा मीटर सेकंदाला आत ओढली पाहिजे, नायतर ॲसिडचा धूर काम करणाऱ्या पोरीच्या तोंडावर, ते मोजलं कुणी? ह्यांच्याकडं हवेचा वेग मोजायचा अ‍ॅनेमोमीटरच नाही! घेऊन या, माझ्यासमोर मोजा, मग व्हीएफडीचं बोलू म्हटलं. उद्याच येतो म्हणून गेलाय, गणपती होऊन गेले.