स्लाइडचं स्कॅन तपासायला क्यूपाथ: रंग आकड्यांत दिसतो, फोकस डोळ्यांनीच बघावा लागतो

स्कॅन होऊन आलेल्या स्लाइडचा, म्हणजे काचेवरच्या ऊतीच्या पातळ छेदाच्या डिजिटल चित्राचा दर्जा ठरवायला क्यूपाथ हे फुकट, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उत्तम आहे. चित्रामागचे आकडेही ते समोर ठेवतं, हा त्याचा मोठा गुण.

फाइल उघडली की आधी 'इमेज' टॅब बघा. पिक्सेलची रुंदी ०.२५ मायक्रॉनच्या आसपास असेल तर स्कॅन ४०एक्सचं (४० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाइतकं), ०.५ असेल तर २०एक्सचं. २०एक्सचं चित्र पडद्यावर कितीही मोठं केलं तरी न टिपलेले बारकावे त्यात येत नाहीत.

मग कर्सर रिकाम्या काचेवर न्या. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे २५५च्या (हा कमाल आकडा) थोडे खाली आणि जवळजवळ सारखे हवेत. निळा घसरला असेल तर पांढरा समतोल बिघडलाय, काच पिवळट दिसणार. तिन्ही २५५ला चिकटले असतील तर प्रकाश जास्त झालाय आणि फिकट इओसिनचे (ऊतीला गुलाबी करणाऱ्या रंगाचे) बारकावे कायमचे गेलेत. त्याआधी ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट रीसेट करायला विसरू नका, कारण तिथे केलेला बदल खराब स्कॅनलाही सुंदर दाखवतो.

खरा वेळ फोकसला द्या. पडद्याचा एक पिक्सेल म्हणजे स्कॅनचा एक पिक्सेल, इतकं झूम करून ऊतीच्या चारही टोकांना आणि मध्यभागी पेशींच्या केंद्रकांच्या कडा बघा. छेद ३-४ मायक्रॉन जाड असतो, तर ४०एक्सला स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम १ मायक्रॉन. म्हणून थोडी चूकही दिसते. धूसर भागाची कड सरळ रेषेत असेल तर बहुधा त्या पट्ट्यात किंवा चौकोनात स्कॅनरचा फोकस चुकलाय. पुन्हा स्कॅन करा. कड वेडीवाकडी असेल तर घडी किंवा हवेचा बुडबुडा शोधा. तिथे नुसतं पुन्हा स्कॅन करून भागत नाही, स्लाइडच नीट करावी लागते. धुळीचा कण ठळक आणि ऊती धूसर? फोकस कव्हरस्लिपवर, म्हणजे ऊतीवरच्या पातळ झाकणकाचेवर बसलाय. काच पुसा, मग स्कॅन करा.

फिकट चरबी आणि सुटे तुकडे स्कॅनमधून सहज गळतात. फाइलमध्ये अख्ख्या स्लाइडचा छोटा फोटो असेल तर त्याच्याशी ताडून बघा, नसेल तर काच हातात घ्या.

उणीव एकच, पण मोठी: धूसर भाग आपोआप रंगवून दाखवणारी तयार सोय मेनूत नाही. शंभर स्लाइड असतील तर डोळे थकतात. शिवाय हे संशोधनासाठीचं साधन आहे, रुग्णाचा रिपोर्ट यावर काढू नका.

एमआरएक्सएस (काही स्कॅनरचा फाइल प्रकार) फाइल उघडत नसेल तर त्याच नावाचा फोल्डर शेजारी आहे का बघा. खरी प्रतिमा त्यातच असते.