फॉरवर्ड शिकायचा असेल तर अंधेरीचं तिकीट काढा

मुंबईत राहून फुटबॉलमधला फॉरवर्ड, म्हणजे गोल करायला सगळ्यात पुढे खेळणारा खेळाडू, नेमकं काय काम करतो हे डोळ्यांनी बघायचं असेल, तर अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलातल्या मैदानासारखी दुसरी जागा मला माहीत नाही. तिकिटांवर आणि टीव्हीवर त्याचं नाव मुंबई फुटबॉल अरेना असतं, रिक्षावाल्याला मात्र ‘स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स’ म्हटलं की पुरतं. मी पार्ल्याच्या एका मराठी शाळेत खेळ शिकवते आणि मुलींचा फुटबॉल संघ माझ्याकडे आहे. त्यामुळे हे परीक्षण एका शिक्षिकेच्या नजरेचं आहे: तिकिटाच्या पैशांत तुमच्या खेळणाऱ्या मुलाला किंवा मुलीला काय मिळतं, एवढंच मी बघते.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे इथे मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक नाही. कोलकात्याचं सॉल्ट लेक किंवा बेंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम घ्या, दोन्हीकडे प्रेक्षक आणि साइडलाइन यांच्यामध्ये अख्खा ट्रॅक आडवा येतो. नेरूळचं डी. वाय. पाटील तर क्रिकेटचंच मैदान, त्याच्या गोलात फुटबॉलचा चौकोन बसवला की चारही बाजूंना मोकळं गवत उरतं. अंधेरीत खालच्या रांगा साइडलाइनला लागूनच वाटतात. डिफेंडर एकमेकांना काय ओरडून सांगतायत ते कानावर येतं. फॉरवर्डच्या बुटाला बॉल लागला की आवाज येतो, आणि तो आवाज ऐकून फर्स्ट टच (बॉलला लागलेला पहिला स्पर्श) चांगला होता की बॉल पुढे पळाला हे माझ्या मुली आता न बघता सांगतात.

आता मुद्द्याचं. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे जातो आणि फॉरवर्डकडे बॉल नव्वद मिनिटांत जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. उरलेला सगळा वेळ तो काय करतो, कुणाच्या मागे लपतो, कुठल्या सेंटर-बॅकला (बचावाच्या मधल्या खेळाडूला) ओढून बाजूला नेतो, कधी थांबतो, ते टीव्ही दाखवतच नाही. गोल झाला की रीप्लेमध्ये शेवटचे चार सेकंद दिसतात. त्याआधीचं सगळं बघायचं असेल तर स्टेडियममध्येच जाऊन बसावं लागतं.

आणि हे बघण्यासाठी आपल्या देशात सुनील छेत्रीसारखा दुसरा खेळाडू झालेला नाही. उंची १७० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या लोकलमध्ये दारात उभा राहिला तर उठून दिसणार नाही इतकीच. वेगात त्याला मागे टाकणारे विंगर भारतात कितीतरी होऊन गेले. तरी १२ जून २००५ ला क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात गोल करणारा हा मुलगा ६ जून २०२४ ला सॉल्ट लेकवर कुवेतविरुद्ध निरोप घेत होता तेव्हा त्याच्या नावावर १५१ सामन्यांत ९४ गोल होते. पुढे मार्च २०२५ मध्ये तो देशासाठी परत आला आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध ९५वा गोल केला, तोही हेडरने. चाळिशी ओलांडल्यावर!

त्याच्या कारकिर्दीतले कितीतरी महत्त्वाचे दिवस याच अंधेरीच्या गवतावर गेलेत, आणि म्हणून या मैदानाबद्दल मला जास्त माया आहे.

३ सप्टेंबर २०१६ चा प्वेर्तो रिकोविरुद्धचा सामना घ्या. मुंबईत तब्बल ६१ वर्षांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉल आला होता. पाहुण्यांनी पेनल्टीवर आधी गोल केला, मग आपण ४-१ ने जिंकलो आणि त्यातला एक छेत्रीचा. त्याच वर्षी तो मुंबई सिटी या क्लबकडून इथे घरच्या मैदानावर खेळला. त्याच्या आदल्या मोसमात, म्हणजे २०१५ मध्ये, आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, लिलावात मुंबईने त्याच्यावर १ कोटी २० लाखांची बोली लावली होती आणि त्याने नॉर्थईस्ट संघाविरुद्ध हॅटट्रिक करून परतफेड केली. आयएसएलमध्ये भारतीयाने केलेली ती पहिली हॅटट्रिक. पण ती डी. वाय. पाटीलला झाली. तिथे गोल झालेला दिसतो, गोल कसा तयार झाला ते लांबून नीट कळत नाही.

मग आला जून २०१८. इंटरकॉन्टिनेंटल कप, चार देश, सगळे सामने अंधेरीत. १ जूनला चायनीज तैपेईला आपण ५-० ने हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक, आणि स्टेडियममध्ये माणसं होती २,५६९. दुसऱ्या दिवशी त्याने तो व्हिडिओ टाकला. शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या, असं हात जोडून सांगितलं. मला तो व्हिडिओ अजूनही पूर्ण बघवत नाही. देशाचा कर्णधार, आदल्या दिवशी तीन गोल केलेला माणूस, आणि त्याला प्रेक्षक मागावे लागतात. मुंबईने मात्र लाज राखली. ४ जूनला केनियाविरुद्ध तिकीटं संपली. त्याचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता, भायचुंग भुतियानंतर हा टप्पा गाठणारा तो दुसरा भारतीय. पाऊस असा कोसळत होता की बॉल पाण्यात अडकून थांबत होता आणि पहिल्या हाफमध्ये कुणालाच धड पास देता येत नव्हता.

त्या सामन्याबद्दल मी मुलींना नेहमी सांगते ते हे: मैदान असं झालं की बहुतेक फॉरवर्ड चिडतात, हात वर करतात, मिडफिल्डरवर ओरडतात. छेत्री धावत राहिला. ६८व्या मिनिटाला बॉक्समध्ये त्याला पाडलं, पेनल्टी मिळाली आणि ती त्यानेच मारली. तीन मिनिटांनी त्याच्या जोडीदाराचा, जेजेचा गोल. आणि नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत, सगळे थकलेले असताना, छेत्रीने गोलकीपरच्या डोक्यावरून बॉल अलगद उचलून टाकला. ३-०. शेवटच्या मिनिटाला पायात एवढी नजाकत उरते ती आधीच्या नव्वद मिनिटांत फुकट न पळाल्यामुळे.

१० जूनच्या फायनलमधला दुसरा गोल तर आमच्या शाळेत धडा म्हणून शिकवला जातो, असं म्हटलं तरी चालेल. मागून अनस एडाथोडिकाने लांब बॉल टाकला. छेत्री आणि डिफेंडर दोघं धावत होते. त्याने बॉल छातीवर घेतला, आणि इथेच बघायचं असतं: छातीवरून बॉल पायाशी थेट पाडायचा नाही, पुढच्या पावलाच्या वाटेत पाडायचा. तसा पडला की डिफेंडर आपोआप एक पाऊल मागे राहतो. मग डाव्या पायाने गोल. उजव्या पायाचा खेळाडू आणि गोल डाव्याने, कारण बॉल ज्या पायाला जवळ होता तोच वापरला. माझ्या नऊ नंबरच्या मुलीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, “बाई, मी तर बॉल थांबवून उजवीकडे घेतला असता.” मी म्हटलं, तेवढ्यात तुझा बॉल कुणीतरी घेऊन गेलं असतं. पुढचे कितीतरी दिवस ती भिंतीवर डाव्या पायानेच बॉल मारत होती. चार सामन्यांत त्याने आठ गोल केले आणि आंतरराष्ट्रीय गोलांत तेव्हा मेस्सीच्या ६४ शी बरोबरी केली. आकडा मोठा आहेच, पण मला त्या छातीवरच्या बॉलचं जास्त कौतुक आहे.

मार्च २०१९ ची आयएसएल फायनलही इथलीच. छेत्रीचा क्लब बेंगळुरू विरुद्ध गोवा, जादा वेळेत ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेचा हेडर आणि १-०. छेत्रीच्या संघाचं पहिलं आयएसएल विजेतेपद आपल्या मुंबईच्या पोराने, मुंबईतच मिळवून दिलं. कर्णधाराने त्या दिवशी गोल केला नाही, पण करंडक उचलला, आणि मला ते आवडलं.

मार्च २०२३ मध्ये सेमीफायनलचा पहिला सामना होता, मुंबई सिटी विरुद्ध बेंगळुरू. छेत्री तेव्हा ३८ वर्षांचा, पहिल्या अकरात नव्हता. दुसऱ्या हाफमध्ये बदली म्हणून आला. ७८व्या मिनिटाला रोशन सिंगचा कॉर्नर, उंच्यापुऱ्या डिफेंडरांच्या गर्दीत त्याचं डोकं आणि गोल. मी मुंबई सिटीची माणूस आहे, त्यामुळे तो गोल झोंबला. पण बदली खेळाडूची इज्जत कशी राखायची याचं इतकं चांगलं उदाहरण मुलींना दाखवायला मिळणार नाही. आमच्याकडे बेंचवर बसवलं की मुली रडतात, पालक शाळेत फोन करतात. त्यांना मी हा सामना दाखवते.

उंची नसताना हेडर कसा जमतो? जागेवर बसून बघितलं की समजतं. तो डिफेंडरच्या समोर उभा राहत नाही, त्याच्या पाठीशी, नजरेआड राहतो. बॉल निघेपर्यंत हलत नाही. डिफेंडर बॉलकडे बघायला वळला की याचं पहिलं पाऊल पडतं, आणि मग धावत येऊन उडी. उभ्याने उडी मारणाऱ्या सहा फुटी माणसाला धावत येणारा लहान माणूस सहज मागे टाकतो. एप्रिल २०२५ मध्ये फातोर्ड्याला गोव्याविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये भरपाई वेळेत त्याने असाच हेडर मारून बेंगळुरूला फायनलला नेलं. गोव्यातल्या माझ्या भावजयीने त्यानंतर दोन दिवस माझा फोन घेतला नाही.

परदेशातलं त्याचं प्रकरण मी मुलींपासून लपवत नाही. २००९ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार होत होता, पण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या सत्तरात नसल्यामुळे वर्क परमिट मिळालं नाही. २०१० मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला, तिथे लीगचा एकही सामना वाट्याला आला नाही. पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या ब संघात तीन सामने. तिथून परत येऊन गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून आय-लीग ही देशातली क्लब स्पर्धा जिंकला आणि २०१३ पासून, मधले मुंबई सिटीचे मोसम सोडले तर, बेंगळुरू. मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, डेम्पो हे सगळं त्याआधीचं. २०२१ चा खेलरत्न मिळाला तेव्हा तो सन्मान मिळवणारा पहिला फुटबॉलपटू ठरला. माझ्या मते मात्र त्याचं खरं मोठेपण २०१३ नंतरचं आहे. बाहेर बसून काढलेल्या त्या वर्षांनी तो कडवट झाला नाही, जास्त अचूक झाला.

आता तिकिटाचं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गोलपोस्टामागची जागा घेऊ नये. तिथे गाणी, ढोल, मजा भरपूर, आणि गोल तुमच्या बाजूला झाला तर स्वर्ग. पण शिकायला ती जागा उपयोगाची नाही, कारण फॉरवर्ड आणि बचावाची शेवटची रांग यांच्यात किती अंतर आहे ते समोरून कळतच नाही. बाजूच्या स्टँडमध्ये, पेनल्टी बॉक्सच्या रेषेच्या आसपास बसा. अगदी पहिल्या रांगेतही नको. तिथून खेळाडूच्या चेहऱ्यावरचा घाम दिसतो, मैदानाची रुंदी दिसत नाही. मधल्या उंचीवर बसलात की ऑफसाइडची रेषा डोळ्यांसमोर सरळ येते. हाफ-टाइमला संघ बाजू बदलतात, त्यामुळे ज्याला बघायला आलात तो फॉरवर्ड एका हाफमध्ये तुमच्यासमोर येणारच.

मुलांना नेणार असाल तर एक वही न्या. मी मुलींना सांगते, दहा मिनिटं बॉल विसरायचा, फक्त ११ नंबर, म्हणजे छेत्री, बघायचा. तो खांद्यावरून मागे वळून बघतो त्या प्रत्येक वेळी एक रेघ मारायची. पहिल्या वेळी मुली वैतागतात, तिकडे सगळं स्टेडियम ओरडतंय आणि आम्ही रेघा मारतोय. मग हळूहळू पान भरत जातं आणि एखादी स्वतःहूनच विचारते, “बाई, याच्याकडे बॉल येतच नाहीये, तरी हा इतकं का बघतोय?” हा प्रश्न पडला की तिकिटाचे पैसे वसूल.

गाडी आणू नका. मेट्रोचं आझादनगर स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ आहे, आणि सामना सुटल्यावर वीरा देसाई रोडवर रिक्षा शोधण्यात राम नाही. लहान मुलं बरोबर असतील तर शिट्टी वाजल्या वाजल्या न उठता दहा-पंधरा मिनिटं जागेवरच बसा. गर्दी ओसरते, आणि न खेळलेले बदली खेळाडू बऱ्याचदा तेव्हा मैदानात धावायला उतरतात. त्यांच्याकडेही बघायला सांगा मुलांना. आम्ही तर वही तेव्हाही उघडीच ठेवतो.

तिकीट काढण्याआधी वेळापत्रकात समोरचा संघ कोण आहे ते बघा आणि ज्यांच्याकडे जाणता, जुना फॉरवर्ड आहे तो सामना निवडा. वेगवान पोरं टीव्हीवरही छान दिसतात.